‘ॲक्यूज्ड’च्या धर्तीवर मराठी मालिका लिहिताना कोर्टाचा शेवट कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीबीसीची ‘ॲक्यूज्ड’ पाहून तुम्ही मराठीत सहा भागांची मालिका लिहायला घेतली आहे, दर भागात एक साधा माणूस आणि त्याच्यावरचा एक खटला. पहिल्या भागात नाशिकच्या एका सोसायटीत पाण्याच्या मोटरवरून वाद होतो, धक्का बसतो, शेजारी पायरीच्या कडेवर डोकं आपटून पडतो आणि तीन दिवसांनी दवाखान्यात दगावतो. घटना २०१९ ची, निकाल आत्ता. भूतकाळ चांगला उतरलाय, पण कोर्टात आलं की भाग ढेपाळतो. वकिलाला जोरदार भाषण दिलं तर खोटं वाटतं, नाही दिलं तर सपक होतं.

अडचण संवादांची नाही. मूळ मालिकेची बांधणी इंग्लंडच्या फौजदारी पद्धतीवर उभी आहे. ती इथल्या सत्र न्यायालयात तशीच आणली की तिच्या दोन मुख्य खुंट्या गळून पडतात. फौजदारी वकिली आणि पटकथांची कायदेशीर तपासणी अशी दोन्ही कामं करत असल्याने हे दुखणं ओळखीचं आहे.

आधी मूळ मालिका काय करते ते पाहू. जिमी मॅकगव्हर्न यांनी ती रचली. २०१० मध्ये सहा भाग आले, २०१२ मध्ये चार. पहिल्याच भागात ख्रिस्तोफर एक्लस्टनने केलेला विली हा प्लंबर आहे, गळ्यापर्यंत पैशाच्या अडचणीत, आणि त्याला टॅक्सीत रोकड सापडते. दर भाग सुरू होतो तो निकालाच्या दिवशी, कोर्टाखालच्या कोठडीत. आरोपी जिने चढून पिंजऱ्यात येतो. त्याने काय केलंय हे आपल्याला माहीत नसतं. मग गोष्ट मागे जाते, अधूनमधून कोर्टात परतते आणि निकालाला संपते. पोलीस तपास जवळजवळ नाहीच. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीने हॉवर्ड गॉर्डन यांच्याकडून आपली आवृत्ती करून घेतली, तिनेही हाच सांगाडा ठेवला. दोन्हीकडे तो चालला, कारण दोन्हीकडे ज्युरी आहे.

पहिली खुंटी हीच. इंग्लंडच्या क्राउन कोर्टात बारा सामान्य माणसं आत जाऊन ठरवतात, बाहेर येऊन ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढंच सांगतात आणि कारण देत नाहीत. सगळं नाट्य त्या एका शब्दात साठवता येतं. वकिलाचं भाषणही त्या बारा जणांसाठी असतं, म्हणून तिथे ते शोभतं. आपल्याकडे न्यायाधीश एकटे असतात. ते भाषणाने हेलावत नाहीत (निदान तसं दाखवत नाहीत) आणि पानंच्या पानं कारणं लिहितात. मुंबईतल्या १९५९ च्या गाजलेल्या नानावटी खून खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ ने आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी ज्युरी बंद झाली असं सांगितलं जातं, पण तसं घडलं नाही. ती हळूहळू गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उरली नाही.

दुसरी खुंटी याहून महत्त्वाची. इंग्लंडमध्ये आरोपी शपथ घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो आणि बरेचदा राहतो. मग त्याची उलटतपासणी होते, तो कोसळतो किंवा तरतो. आपल्याकडे आरोपीला शपथ देत नाहीत. बचावाचा साक्षीदार म्हणून स्वतःहून लेखी मागणी केली तरच तो शपथेवर बोलू शकतो, आणि क्वचितच कोणी वकील आपल्या अशिलाला तसं करू देतो. म्हणजे ज्या माणसाची गोष्ट आपण सांगतोय तो स्वतःच्या खटल्यात जवळजवळ गप्प असतो. तुमचा कोर्टाचा भाग ढेपाळतो तो इथे. ते गप्प बसणं भाषणाने भरून काढायचा प्रयत्न तुम्ही करताय. मी म्हणेन, ते गप्प बसणंच वापरा.

अर्थात पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे. गुन्हा कोणत्या कलमाचा, खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे की सत्र न्यायाधीशांपुढे, आरोपी जामिनावर की कोठडीत, यावर प्रत्येक दृश्य बदलतं. सहाही भागांना एकच साचा लावू नका. इथे तुमच्या पहिल्या भागापुरतं बोलतो.

साक्षीपुरावा सुरू झाल्यावर त्या माणसाला कायदा तोंड उघडायला लावतो ते दोनदा. पहिली वेळ १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ३१३ च्या जबाबाची. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायालय आरोपीला प्रश्न विचारतं. प्रश्न आधीच टाईप केलेले असतात, कधी तीस, कधी ऐंशी. ‘साक्षीदार क्रमांक २ ने सांगितले की तुम्ही मयतास दोन्ही हातांनी ढकलले, याबाबत तुमचे काय म्हणणे आहे?’ उत्तर: ‘खोटे आहे.’ ‘साक्षीदार क्रमांक ५ ने असे सांगितले की... ?’ ‘माहीत नाही.’ शेवटी ठरलेले प्रश्न येतात: साक्षीदार तुमच्याविरुद्ध का बोलतात, शपथेवर साक्ष देणार का, बचावाचे साक्षीदार आहेत का, आणखी काही सांगायचे आहे का. सहा वर्षं मनात ठेवलेली हकिगत सांगायची हीच जागा, आणि वकिलाने बजावलेलं असतं की ‘खोटे आहे’च्या पुढे एक शब्द नको. धक्का तर त्याने दिलेला आहे! ‘खोटे आहे’ म्हणताना तो खरंच खोटं बोलतोय, आणि मारायचा हेतू नव्हता ही खरी गोष्ट सांगायला त्याला जागा नाही. हे दृश्य चार मिनिटं चालू द्या. पार्श्वसंगीत नको. प्रश्न वाचणाऱ्याचा आवाज एकसुरी ठेवा, मध्ये लघुलेखकाचा कीबोर्ड वाजू द्या, आणि विसाव्या-बाविसाव्या प्रश्नाला माणूस उत्तर द्यायच्या आधी किंचित थांबतो एवढंच दाखवा.

दुसरी वेळ बहुतेक पटकथांमधून सुटते, आणि तुमचा शेवट तिथेच आहे. सत्र खटल्यात दोष सिद्ध झाला की शिक्षा लगेच सुनावता येत नाही. दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांनी आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकायचं असतं. त्याच जुन्या संहितेत कलम २३५(२), तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २५८(२). अशा प्रकरणात हे बरेचदा त्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर होतं. न्यायाधीश थेट त्याला विचारतात, वकिलाला नंतर. आता ‘खोटे आहे’ म्हणून उपयोग नाही, ते ठरून गेलं. आता तो खरं बोलू शकतो, पण ज्याच्यासाठी बोलायचं होतं तो निर्णय होऊन गेलाय. आणि बहुतेक आरोपी काय सांगतात? घरात कमावता मी एकटा, आई म्हातारी, मुलं लहान, दया करावी. लघुलेखक ते दोन ओळींत उतरवतो. तुमच्या नायकाने ही ठरलेली वाक्यं म्हणायची की त्या संध्याकाळचं खरं सांगायचं, हा निर्णय म्हणजे तुमच्या भागाचा उत्कर्षबिंदू. वकिलाच्या भाषणाची गरज उरत नाही.

तेव्हा चालू काळाचा धागा निकालाच्या एका दिवसावर बांधा. मूळ मालिका जिन्यापासून सुरू होते. तुमचा माणूस जामिनावर आहे, म्हणून तुमचा भाग घरापासून सुरू होईल. निकालाला आरोपीने हजर राहावं लागतं. साडेदहाला तो बायकोबरोबर कोर्टाच्या आवारात येतो. जामीनदारही आलेला असतो आणि सारखा घड्याळ बघतो, त्याची अर्धी सुट्टी आहे. वकील सांगतो, ‘जवळ जास्त पैसे ठेवू नका, मोबाईल वहिनींकडे द्या, गोळ्या खिशात असू द्या.’ माणसाला त्या वाक्याचा अर्थ कळतो, बायकोला कळत नाही. अशा जागा भाषणापेक्षा जास्त काम करतात.

अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सुरू होतो. त्याचं प्रकरण पहिलं नसतं. आधी चार-पाच प्रकरणांत नुसत्या तारखा पडतात: कोणाचा साक्षीदार गैरहजर, कोणाला तुरुंगातून आणायला पोलीस गार्ड मिळाला नाही. मग पट्टेवाला दारात येऊन नाव पुकारतो. आरोपी मागच्या बाजूच्या कठड्यात जाऊन उभा राहतो, वकिलाशेजारी खुर्चीवर बसत नाही. न्यायाधीश अख्खं निकालपत्र वाचत नाहीत. निकालपत्रात मुद्दे आणि निष्कर्ष असा तक्ता असतो आणि समोर ‘होय’ किंवा ‘नाही’. तुमच्या प्रकरणात पहिला मुद्दा, मृत्यू मनुष्यवधाने झाला का: होय. दुसरा, आरोपीने खून केला का: नाही. तिसरा, सदोष मनुष्यवध (खुनाहून कमी गंभीर गुन्हा) केला का: होय. दुसऱ्या मुद्द्याला बायकोला वाटतं सुटला. तिसऱ्याला कठड्याजवळचा पोलीस एक पाऊल पुढे सरकतो, कारण दोषी ठरताक्षणी जामीन संपला आणि माणूस ताब्यात. आता तो जेवायला बाहेर जाऊ शकत नाही. डबा बायकोच्या हातात राहतो, द्यायचा तर पोलिसाला विचारून.

दुपारनंतर शिक्षा. इथे एक आकडा पक्का लक्षात ठेवा: तीन वर्षं. जामिनावर असलेल्या आरोपीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा झाली आणि त्याने अपील करतो असं सांगितलं, तर खास कारण नसल्यास तेच न्यायालय अपिलापुरता जामीन देतं आणि माणूस संध्याकाळी घरी जातो. तीनच्या वर गेली की उच्च न्यायालयातून जामीन मिळेपर्यंत तुरुंग. सदोष मनुष्यवधाचं कलम भारतीय दंड संहितेचं ३०४, त्याच्या दुसऱ्या भागात कमाल दहा वर्षं आहेत, किमान ठरवलेली नाही. म्हणजे तीन वर्षं की पाच, यावर त्या रात्री तो कुठे झोपणार हे ठरतं. प्रेक्षकाला हे दुपारच्या सुट्टीतच वकिलाच्या तोंडून एका वाक्यात कळवा, मग शिक्षेचा आकडा ऐकताना ताण आपोआप येईल. आधी सांगितलं नाही तर ‘पाच वर्षं सक्तमजुरी’ हा नुसता आकडा राहतो. अटकेत आधी काढलेले महिने शिक्षेतून वजा होतात, तेही आदेशात येतं, आणि निकालपत्राची एक प्रत त्याला लगेच विनामूल्य मिळते. आदेशाचं शेवटचं कलम बहुधा मुद्देमालाचं असतं: रक्ताचे कपडे, मोटरचा तुटलेला पाईप, ‘किंमतशून्य असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत’. ते दोन्ही कुटुंबांसमोर वाचलं जातं.

निर्दोष सोडायचं ठरवलंत तरी तो टाळ्या घेत दारातून बाहेर पडत नाही. वरच्या न्यायालयाने बोलावल्यास हजर राहीन असा सहा महिन्यांचा जातमुचलका आणि जामीनदार खटला संपण्यापूर्वी द्यावा लागतो. सुटलेल्या माणसाने टेबलाशी वाकून सह्या करत बसणं ही तुमच्या दुसऱ्या एखाद्या भागाला चांगली अखेर आहे.

आता भूतकाळाचा धागा. तो छान जमलाय असं तुम्ही म्हणता, तरी तीन सांधे तपासून घ्या, कारण कोर्टातले मुद्दे त्यांवर लटकतात.

पहिला सांधा गुन्ह्याच्या नोंदीचा. माणूस तिसऱ्या दिवशी गेला. म्हणजे पहिल्या दिवशीचा गुन्हा दुखापतीचा आणि मृत्यूनंतर ३०२ ची, म्हणजे खुनाची, कलमवाढ. ही कलमवाढ होते त्या दिवशी नायक कदाचित घरीच असेल, दुकानही उघडलं असेल, शेजाऱ्याच्या उपचाराला पैसे देण्याची बोलणीही चालली असतील. फोन आल्यावर सगळं पालटतं. अटक झाल्यावर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं, पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि नव्वद दिवसांत दोषारोपपत्र. ते नव्वद दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. कोठडीत त्याने पोलिसांसमोर कबुली दिली असं दृश्य लिहिलं असेल तर खुशाल ठेवा, पण त्या कबुलीवर शिक्षा होऊ देऊ नका. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही.

दुसरा सांधा डॉक्टरांचा. खून की सदोष मनुष्यवध हे इथे बऱ्याच अंशी त्यांच्या उलटतपासणीत ठरतं. बचावाचा वकील एवढंच विचारेल: अशी जखम कठीण कडेवर पडल्याने होऊ शकते का? ‘होऊ शकते.’ अंगावर मारहाणीच्या दुसऱ्या जखमा होत्या का? ‘नाही.’ इथे चांगला वकील खाली बसतो. तिसरा प्रश्न विचारणारा वकील नवखा असतो. तुमच्या मसुद्यात मुद्दाम नवखा हवा असेल तर तिसरा प्रश्न द्या आणि डॉक्टरांना ‘जोराने ढकलल्याशिवाय एवढी खोल होणार नाही’ म्हणू द्या.

तिसरा सांधा फितूर साक्षीदाराचा. सोसायटीतल्या आठ लोकांनी पाहिलं, तर साक्षीला येईपर्यंत दोघं फ्लॅट विकून गेलेत, एक वारलाय आणि दोघांना कोणाशी वाकडं घ्यायचं नाहीये. असा साक्षीदार फितूर होताना आरडाओरडा करत नाही. सरकारी वकील परवानगी घेऊन त्याचीच उलटतपासणी घेतो, पोलीस जबाबातला मजकूर वाचून दाखवतो, आणि साक्षीदार सांगतो: ‘पोर्शन मार्क ए मधील मजकूर मी पोलिसांना सांगितला नव्हता. तो कसा लिहिला याचे कारण सांगता येणार नाही.’ एवढंच. साक्ष प्रश्नोत्तरात नोंदवली जात नाही, न्यायाधीश उत्तर वाक्यात बांधून लघुलेखकाला सांगतात. साक्षीदार म्हणतो ‘नाय साहेब, लांब होतो मी’, कागदावर उमटतं ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर होतो.’ माणसाची भाषा आणि कागदाची भाषा यांतलं हे अंतर पडद्यावर फार बोलकं होतं आणि त्याला एक रुपयाही खर्च नाही.

कलमांची एक गफलत हमखास होते. १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे आले, म्हणून आजच्या दृश्यात सगळे ‘भारतीय न्याय संहिता १०३’ म्हणताना दिसतात. तुमची घटना २०१९ ची. गुन्ह्याचा कायदा घटनेच्या तारखेचा, म्हणजे ३०२ आणि ३०४ च. आणि त्या तारखेला चालू असलेला खटला जुन्या प्रक्रियेनेच पुढे चालतो, म्हणून ३१३ आणि २३५. घटना २०२५ ची केलीत तर सगळे आकडे बदला: १०३, १०५, ३५१, २५८. पण मग निकालही इतक्यात लागलेला दाखवू नका.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: निकालाचा एकच दिवस चालू काळात, त्यात तीन जागा (मुद्द्यांचा तक्ता, दुपारची सुट्टी, शिक्षेपूर्वीचा प्रश्न), ३१३ चा जबाब भूतकाळातून एका सलग तुकड्यात, आणि पंचेचाळीस मिनिटांच्या भागात कोर्ट बारा-तेरा मिनिटांच्या वर नाही.

किरकोळ दुरुस्त्या भराभर सांगतो. न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा नको, आपल्याकडे नसतो आणि इंग्लंडच्या कोर्टातही नसतो. गीतेवर हात नको, साक्षीदार ईश्वरसाक्ष किंवा प्रतिज्ञेवर शपथ घेतो. सत्र न्यायाधीशांना ‘माय लॉर्ड’ नको, ‘सर’, ‘मॅडम’ किंवा ‘युवर ऑनर’. वकिलांनी येरझाऱ्या घालायच्या नाहीत, जागेवर उभं राहून बोलायचं. कागदांना ‘पुरावा अ’ म्हणू नका, ‘निशाणी २४’ म्हणा. आणि तालुका-जिल्हा न्यायालयात कामकाज मराठीत चालतं, तेव्हा सगळ्यांना इंग्रजीत बोलायला लावू नका. इंग्रजी शब्द येतात ते ‘बेल’, ‘चार्जशीट’, ‘पी.सी.आर.’ (पोलीस कोठडी), ‘एम.सी.आर.’ (न्यायालयीन कोठडी) असे.

सहाही भागांत एकच हुशार वकील ठेवायचा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. नको. तो ठेवला की मालिका त्याची होते आणि आरोपी त्याचे अशील उरतात. सलगता हवीच असेल तर एकच कोर्ट हॉल, तोच पट्टेवाला आणि तेच बेंच क्लार्क ठेवा. सेटचा खर्चही एकदाच. खऱ्या कोर्टात चित्रीकरणाची परवानगी मिळेल असं धरून चालू नका, जुन्या शाळेचा उंच छताचा वर्ग बरा पडतो.

खऱ्या खटल्यावरून लिहीत असाल तर नावं, गाव आणि नाती बदलून घ्या. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड होईल असा कुठलाही धागा ठेवणं स्वतःच गुन्हा आहे, त्यात गावाचं नावही आलं. आणि लिहायला बसण्यापूर्वी आठवडाभर जवळच्या जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा. बहुतेक फौजदारी खटले खुल्या न्यायालयात चालतात, तिथे कोणालाही बसता येतं. फोन बंद, वहीत लिहायला हरकत नसते, तरी बेंच क्लार्कना एकदा विचारून घ्या. ‘निकाल’ किंवा ‘३१३’ असं बोर्डावर ज्या प्रकरणापुढे लिहिलेलं असेल त्याची वेळ पकडा. सकाळी अकराला गेलात तर बोर्ड दाराशेजारी लावलेला सापडेल.